माशाचं वजन काट्याशिवाय : फूटपट्टीपासून कॅमेऱ्यापर्यंतची गोष्ट

आज जरा लांबचं लिहितोय. शेततळ्यातल्या माशांबद्दल लिहिलं की एक प्रश्न हटकून येतो : तळ्यात आत्ता नेमका किती किलो माल आहे? ऊस उभा दिसतो, कांद्याची चाळ डोळ्यांनी मापता येते, कोंबड्या मोजता येतात. मासा पाण्याखाली. बीज किती सोडलं ते पावतीवर असतं, पण त्यातलं किती जगलं आणि जगलेलं किती वाढलं, हे जाळं ओढेपर्यंत कळत नाही.

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही, पैशाचा आहे. समजा तळ्यात २,००० मासे आहेत. आपण सरासरी वजन ४०० ग्रॅम धरलं आणि खरं आहे ३४० ग्रॅम. आपल्या वहीत ८०० किलो, तळ्यात ६८० किलो. वजनाच्या ३ टक्के खाद्य टाकायचं म्हणून आपण रोज २४ किलो टाकतोय, हवं होतं २० किलो ४०० ग्रॅम. रोजचं ३ किलो ६०० ग्रॅम जास्त, महिन्याला १०८ किलो. खाद्य ४० रुपये किलो धरलं तरी ४,३२० रुपये तळाशी कुजायला गेले. आणि ते नुसतं कुजत नाही, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. पहाटे मासे वर येऊन तोंड मारायला लागले की मग आपण पंप लावायला पळतो.

दुसरी बाजू विक्रीची. उक्ता सौदा करायचा असेल तर व्यापारी काठावर उभा राहतो, जाळ्यात आलेले चार मासे हातात तोलतो आणि आकडा सांगतो. त्याचा हात वर्षानुवर्षं तयार झालेला असतो. आपल्याकडे आकडा नसेल तर त्याचाच आकडा खरा. म्हणून माशाचं वजन काट्याशिवाय कसं कळावं, याचा शोध जगात कसा लागत गेला हे आपल्याला माहीत असलेलं बरं. हल्ली 'कॅमेरा लावा, मोबाईलवर वजन बघा' अशा जाहिराती दिसतात. त्यातलं आपल्या उपयोगाचं काय, हे ओळखायलाही हा इतिहास कामाला येतो.

घनाचा नियम

सगळ्याच्या मुळाशी एक जुनं गणित आहे. एखादी वस्तू तोच आकार ठेवून दुप्पट लांब केली की तिचं आकारमान दुप्पट होत नाही, आठपट होतं. गॅलिलिओनं १६३८ साली छापलेल्या पुस्तकात हे मांडलं आणि हाडांची जाडी त्या प्रमाणात का वाढावी लागते तेही सांगितलं. मासा वाढताना आपला आकार बऱ्यापैकी तसाच ठेवतो. म्हणजे लांबी कळली की वजन जवळपास कळलं.

गुरं पाळणाऱ्यांना ही युक्ती नवीन नाही. मोठा काटा नसेल तर छातीचा घेर इंचात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, अंगाच्या लांबीनं गुणायचं आणि ३०० नं भागायचं, की वजन पौंडात येतं. घेर ७० इंच आणि लांबी ६० इंच असेल तर ९८० पौंड, म्हणजे साधारण ४४५ किलो. घेर दोनदा आणि लांबी एकदा, मिळून तीन मापांचा गुणाकार. तोच घन.

माशांसाठी हे काम स्कॉटलंडच्या थॉमस वेम्स फुल्टन यांच्या नावावर आहे. ते तिथल्या मत्स्य मंडळाच्या संशोधनाचे प्रमुख होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी हजारो मासे मोजले. वजन ग्रॅममध्ये घ्या, शंभरनं गुणा, लांबीच्या (सेंटिमीटरमधल्या) घनानं भागा. जो आकडा येतो त्याला आजही फुल्टनचा गुणांक म्हणतात. मासा भरलेला असेल तर आकडा मोठा, उपाशी असेल तर लहान. आपण गुराच्या फासळ्या बघून जे ओळखतो, ते त्यांनी आकड्यात बांधलं.

पुढे १९५१ साली ले क्रेन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं विंडरमिअर तळ्यातल्या पर्च माशांवर निबंध लिहिला. दुसऱ्या महायुद्धात खाण्याची टंचाई होती म्हणून या तळ्यातले पर्च पिंजरे लावून पकडत आणि डबाबंद करून विकत. ले क्रेननं दाखवलं की घात नेहमी बरोबर ३ नसतो. जातीप्रमाणे, ऋतूप्रमाणे, पोटात अंडी आहेत की नाही त्याप्रमाणे तो थोडा हलतो. म्हणून प्रत्येक जातीसाठी आणि शक्य तर प्रत्येक पाण्यासाठी वेगळं गणित बसवावं.

लगेच पुढच्या वर्षी, १९५२ साली, आपल्याकडच्या व्ही. जी. झिंगरन यांनी भारतातल्या तीन प्रमुख कार्पचं लांबी-वजनाचं नातं प्रसिद्ध केलं. कटला, रोहू, मृगळ. म्हणजे आपल्या तळ्यातल्या माशांचं गणित सत्तर वर्षांपूर्वीच मांडून झालंय. कॅमेरा नंतर आला, पण तो शेवटी याच गणिताला लांबीचा आकडा पुरवतो.

घनाचा फटका

हाच घन उलटाही लागतो. समजा ३० सें.मी.चा मासा आहे आणि गुणांक १.२ आहे. ३० चा घन २७,०००, त्याला १.२ नं गुणून शंभरनं भागलं की ३२४ ग्रॅम. आता लांबी मोजताना फक्त एक सेंटिमीटर जास्त धरला, ३१, तर वजन येतं साधारण ३५७. एका सेंटिमीटरला दहा टक्के चूक. लांबीत ५ टक्के चुकलं तर वजनात जवळपास १६ टक्के.

त्यात मासा कुठून कुठपर्यंत मोजायचा यावरही घोळ. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत ही एकूण लांबी. शेपटीच्या खाचेपर्यंत ही दुसरी. शेपटीचे पर सोडून, मांसल भाग संपतो तिथपर्यंत ही तिसरी. शेपटीची टोकं झडलेली असतात म्हणून बरेच जण खाचेपर्यंत मोजतात. कुठलीही घ्या, पण महिन्या-महिन्याला बदलू नका. आणि पुस्तकातलं गणित कुठल्या लांबीवर बसवलंय हे बघितल्याशिवाय वापरू नका.

पहिली वाट : मासा टेबलावर

माशाची लांबी यंत्रानं मोजायची पहिली गरज शेतीत उभी राहिली नाही, मासेमारीत राहिली. समुद्रात किती मासा उरलाय हे काढायला दरवर्षी पकडलेल्या मालातले ढीगभर मासे मोजावे लागतात. बर्फासारख्या गार बोटीवर, हातमोजे घालून, लाकडी फळीवर एकेक मासा ठेवायचा आणि आकडा ओरडायचा, दुसऱ्यानं लिहायचा. बोटं गारठतात, आकडे चुकतात.

स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनमधल्या एन. जे. सी. स्ट्रॅचन यांनी १९९३ साली संगणकाच्या नजरेनं माशाची लांबी मोजण्याचा निबंध प्रसिद्ध केला. मासा कॅमेऱ्याखाली ठेवायचा, मागची पार्श्वभूमी वेगळ्या रंगाची, संगणकानं माशाची कड ओळखायची आणि मधली रेघ काढून लांबी सांगायची. अडचण होती वाकड्या पडलेल्या माशाची. वाकलेल्या माशाचं तोंड ते शेपूट सरळ अंतर घेतलं तर लांबी कमी येते. म्हणून अंगाच्या वळणानं जाणारी मधली रेघ महत्त्वाची.

२००६ साली व्हाइट, स्वेलिंगन आणि स्ट्रॅचन यांनी याचं पुढचं रूप मांडलं. त्या यंत्राचं नाव कॅचमीटर. मासे सरकत्या पट्ट्यावरून कॅमेऱ्याखालून जातात, यंत्र रंग आणि आकारावरून जात ओळखतं आणि लांबी नोंदवतं. एका पट्ट्यावर ताशी ३०,००० माशांपर्यंत वेग त्यांनी सांगितला. इस्रायलमध्ये बोआझ झिऑन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली तलावातले सायप्रिनस, तिलापिया आणि बोई (मलेट) आकारावरून वेगळे करण्यावर काम प्रसिद्ध केलं. तिथं एकाच तळ्यात मिश्र मासे असतात, अगदी आपल्यासारखे, आणि काढल्यावर जातवार निवडणं हे मोठं मजुरीचं काम.

या वाटेवर प्रकाश आपल्या हातात असतो. मासा बाहेर असतो, स्थिर असतो, कॅमेऱ्यापासूनचं अंतर ठरलेलं असतं. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

दुसरी वाट : मासा पाण्यातच

दुसरी वाट नॉर्वेच्या सामन माशानं काढायला लावली. १९७० साली हित्रा बेटावरच्या ग्रोन्टवेट बंधूंनी सामनची पिल्लं समुद्रात तरंगत्या जाळीच्या पिंजऱ्यात वाढवून दाखवली. धंदा वाढला, पिंजरेही वाढले. आजचा मोठा पिंजरा १५७ मीटर परिघाचा, म्हणजे ५० मीटर व्यासाचा. नॉर्वेचा नियम असा की एका पिंजऱ्यात जास्तीत जास्त २,००,००० मासे, आणि एका घनमीटर पाण्यात २५ किलोच्या वर मासा नको. शिवाय २००५ पासून परवाना पाण्यात असलेल्या जास्तीत जास्त जिवंत वजनावर दिला जातो, साधारण ७८० टन एका परवान्याला.

आता विचार करा. ५ किलोचे २,००,००० मासे म्हणजे १,००० टन. त्यात पाच टक्के अंदाज चुकला तर ५० टन इकडेतिकडे. खाद्य चुकतं, विक्रीचा करार चुकतो, आणि परवान्याची मर्यादा ओलांडली तर कायद्याचा प्रश्न. जाळीनं थोडे मासे उचलून तोलले तर त्यांना इजा, आणि दोन लाखांतले शंभर मासे सगळ्यांचं प्रतिनिधित्व करतीलच असं नाही.

म्हणून दोन प्रकारची साधनं आली. एक चौकट. मासे त्या चौकटीतून पोहत गेले की अवरक्त किरणांच्या पडद्यावर त्यांची सावली पडते आणि उंची-लांबी कळते. आइसलँडच्या वाकी कंपनीची चौकट यात प्रसिद्ध झाली. दुसरं साधन म्हणजे जोडकॅमेरा.

जोडकॅमेरा का, हे समजून घ्यायला एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा. एका डोळ्याला अंतर नीट कळत नाही. एका कॅमेऱ्याला जवळचा लहान मासा आणि लांबचा मोठा मासा सारखेच दिसतात. दोन डोळ्यांना तीच वस्तू किंचित वेगळ्या जागी दिसते आणि त्या फरकावरून अंतर कळतं. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली हे दाखवून दिलं, फोटोग्राफी जेमतेम जन्माला येत होती तेव्हा. ऑस्ट्रेलियात युआन हार्वी आणि मार्क शॉर्टिस यांनी १९९० च्या दशकात समुद्रातले मासे मोजायला हीच रीत व्हिडिओ कॅमेऱ्यांवर बसवली.

पाण्यात आणखी एक गंमत. बादलीत हात घातला की तो जवळ आणि मोठा दिसतो ना? कॅमेऱ्यालाही तसंच दिसतं. म्हणून जोडकॅमेरा हवेत मापून चालत नाही, ठरलेल्या ठिपक्यांची चौकट पाण्यात धरून त्याला माप शिकवावं लागतं.

सामनवर हे काम १९९५-९६ च्या सुमारास ब्रिटनमध्ये झालं. बेडो, रॉस आणि मार्चंट यांच्या १९९६ च्या निबंधात जोडचित्रांवरून सामनच्या अंगावरचे ठरावीक बिंदू घेऊन, नुसत्या लांबीवर न थांबता पाठी-पोटाची मापंही धरून वजन काढलं होतं. तेव्हा बिंदू माणसानं पडद्यावर टिपायचे. पुढची पायरी इंग्लंडच्या सिल्सो संशोधन संस्थेत झाली. २००० आणि २००१ साली टिलेट, लाइन्स आणि सहकाऱ्यांनी माशाच्या आकाराचं लवचिक मॉडेल संगणकात तयार करून ते पोहणाऱ्या माशाच्या चित्रावर आपोआप बसवण्याचं काम मांडलं.

मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे याच सिल्सोमध्ये डुकरांचं वजनही कॅमेऱ्यानं काढत होते. चाऱ्याच्या जागी वर कॅमेरा टांगायचा, पाठीचं क्षेत्रफळ मोजायचं आणि वजन काढायचं. मार्चंट हे नाव दोन्हीकडे आहे. माशाचं आणि डुकराचं शास्त्र वेगळं असलं तरी शेतकऱ्याची अडचण एकच होती : जनावराला काट्यावर न चढवता त्याचं वजन. ही संस्था २००६ साली बंद झाली.

ट्यूनाचा हिशोब

कॅमेऱ्याचं माप सरकारी कागदावर कसं आलं, ते ब्लूफिन ट्यूनावरून कळतं. भूमध्य समुद्रात हा मासा जिवंत पकडतात, पिंजऱ्यातून हळूहळू ओढत नेतात आणि किनाऱ्याजवळच्या पिंजऱ्यात खाऊ घालून वाढवतात. पकडलेला मासा कोणी तोलतच नाही, मग कोट्यात किती टन धरायचा? पाणबुड्याचा अंदाज आणि बोटवाल्याचा शब्द. मासा संपत चाललेला आणि कागदावर सगळं ठीक, असा तो काळ. अटलांटिक ट्यूनाची आंतरराष्ट्रीय संस्था इक्कॅट हिनं २०१२ नंतर एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात मासा जाताना जोडकॅमेऱ्यानं किंवा तितक्याच अचूक साधनानं मोजणं सक्तीचं केलं. त्यातल्या कमीत कमी २० टक्के माशांची लांबी मोजायची असाही नियम आला.

आपल्या उक्त्या सौद्याशी याचं नातं आहे. माप एकाच बाजूच्या हातात असलं की हिशोबही त्याच बाजूला झुकतो.

२०१२ नंतर

पुढचा भाग पटकन सांगतो, कारण तो रोज बातम्यांत असतो. २०१२ साली चित्र ओळखण्याच्या स्पर्धेत न्यूरल नेटवर्कनं बाकीच्या रीतींना मागं टाकलं. २०१७ साली चित्रातली प्रत्येक वस्तू तिच्या कडेसकट वेगळी काढणारी मास्क आर-सीएनएन ही रीत आली. एकावर एक आलेले मासे वेगळे करायचं, सिल्सोवाल्यांना जड गेलेलं काम आता सोपं झालं. गूगलच्या मूळ कंपनीनं २०२० साली टायडल नावाचा सामनच्या पिंजऱ्यांवरचा प्रकल्प जाहीर केला, अ‍ॅक्वाबाइटसारख्या कंपन्या त्याआधीपासून होत्याच. हेच कॅमेरे माशाच्या अंगावरच्या उवाही मोजतात.

पण संगणक कितीही हुशार झाला तरी तीन जुन्या अडचणी तशाच आहेत. मासा पोहताना वाकतो, तेव्हा सरळ झालेल्या क्षणाचंच चित्र धरावं लागतं. कॅमेऱ्यासमोर कोणता मासा येतो हे मासा ठरवतो. थोराड मासे एका थरात, किरकोळ मासे दुसऱ्या थरात असले तर सरासरी फसते. आणि तिसरी, पाणी स्वच्छ हवं.

आपलं हिरवं पाणी

आता आपल्या बांधावर येऊ. १८६५ साली इटलीचे धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी पांढरी तबकडी समुद्रात सोडून पाण्याचा स्वच्छपणा मोजला. त्यांच्याच नावाची तबकडी आपण तळ्यात सोडतो. कार्पच्या तळ्यात ती साधारण २५ ते ४० सें.मी. वर दिसेनाशी झाली तर आपण म्हणतो पाणी छान तयार झालंय, प्लवंग भरपूर आहे. त्यासाठीच तर शेणखत टाकतो.

नॉर्वेच्या पिंजऱ्यातला कॅमेरा काही मीटरवरचा मासा बघतो. आपल्या तळ्यात त्याला हाताच्या कोपरापलीकडचं दिसणार नाही. आपलं चांगलं पाणी म्हणजे त्याचं आंधळं पाणी. जाहिरातीतल्या व्हिडिओत पाणी निळं दिसलं की पहिल्यांदा हाच प्रश्न विचारा : हे माझ्या हिरव्या पाण्यात चालवून दाखवाल का?

म्हणून माझं मत असं की दुसरी वाट सध्या आपली नाही. आपली वाट पहिली, स्ट्रॅचनच्या टेबलाची. महिन्यातून एकदा आपण नमुन्याला मासे काढतोच. तेव्हा एक फळी करा, एका टोकाला आडवी पट्टी ठोका, तोंड तिला टेकवा, सें.मी.ची पट्टी चिकटवा. फळी ओली ठेवा, सावलीत ठेवा. पहिल्यांदा प्रत्येक जातीचे तीसेक मासे मोजून आणि तोलून घ्या, आपल्याच तळ्याचा फुल्टन गुणांक काढा. पुढं मधल्या महिन्यांत नुसती लांबी पुरते, आणि कटल्यासारखा उड्या मारणारा नाजूक मासा काट्यावर तडफडत ठेवावा लागत नाही. दोन-तीन महिन्यांनी गुणांक पुन्हा तपासा, ले क्रेननं सांगितलेला ऋतूचा फरक आपल्याकडंही लागू आहेच.

मोबाईल वापरायचा तर तो स्टँडवर पक्का बसवा. फोन फळीपासून ६० सें.मी. उंचीवर असेल आणि माशाची कड फळीपासून ३ सें.मी. वर असेल, तर मासा फळीवरच्या पट्टीच्या मानानं ५ टक्के मोठा दिसतो. ५ टक्के लांबी म्हणजे १६ टक्के वजन, वर बघितलंच. म्हणून पट्टी माशाच्या मध्याच्या उंचीला उचलून ठेवा, नाहीतर फोन आणखी वर न्या.

आणि जाळ्यात कोण येतं तेही बघा. कटला वरच्या थरात, तो पटकन सापडतो. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी, जाळ्याखालून निसटतात. जे सापडले त्यांचीच सरासरी सगळ्या तळ्याला लावली तर कॅमेरा असो की काटा, आकडा खोटाच येणार. जातवार वेगळी नोंद ठेवा.

व्यापारी आला की वही उघडी ठेवा. त्याचा हात आणि आपला आकडा जवळ आले तर सौदा लवकर होतो. लांब राहिले तर काट्यावर घालून विकायचं, उक्तं नाही.

तुमच्या तळ्यात कटला-रोहूचा गुणांक किती येतोय, आकडा, महिना आणि कुठली लांबी धरली ते लिहून पाठवा. दहा-वीस तळ्यांचे आकडे जमले तर इथंच तक्ता करून टाकतो.